एक नंबरचं बटण

गाडी सकाळी पुन्हा बसली होती. बिघडून बसली अशा अर्थाने नव्हे, खरोखरच बसली होती. या गाडीला स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या होत्या आणि त्यातली हवा रात्रभरात हळूहळू निघून जायची. त्यामुळे रोज सकाळी ती पोट फरशीला टेकवून, भरपेट जेवून आडव्या झालेल्या माणसासारखी फाटकाच्या आत पसरलेली असायची.

चिरंजीव डबा हातात घेऊन दारात आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"आई, गाडी बसली गं पुन्हा!"

"सुरू कर, उठेल," आई आतून म्हणाली. "तुझ्यासारखीच आहे ती. दोनदा हाक मारल्याशिवाय उठत नाही."

चिरंजीव हे नाव त्यांना वडिलांनी चेष्टेने दिलं होतं, आणि वय चाळिशीला टेकलं तरी ते चिकटून राहिलं होतं. ते एका विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायचे. कोणाच्या स्वयंपाकघराला आग कशी लागली, झाड गाडीवर पडलं की गाडी झाडावर गेली, हे हुडकून काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांची बायको एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. म्हणजे या घरात एकाला लोकांच्या बाहेरचं बघायची सवय होती आणि एकीला आतलं. तरीही पुढे जे घडलं ते दोघांच्याही नजरेतून साफ सुटलं.

गाडी वडिलांची. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होता होता त्यांनी ती एका हॉटेलमालकाकडून घेतली होती. तेव्हा ती दहा वर्षांची होती, आता अठरा. लांबलचक, काळीभोर, आत लाकूड आणि चामडं. दारं नुसती टेकवली की आपणहून घट्ट मिटायची, डिकी स्वतःला स्वतः ओढून घ्यायची, आणि ड्रायव्हरची सीट तर अकरा तऱ्हांनी हलायची. "मंत्र्याची गाडी माझ्या पगारात आली, अजून काय पाहिजे?" असं वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. गाडी त्यांच्या पगारात आली होती हे खरं. तिचं औषधपाणी मात्र मंत्र्याच्याच पगारातलं होतं. गेल्या वर्षी वडील गेले आणि गाडी तिच्या सगळ्या दुखण्यांसकट चिरंजीवांच्या गळ्यात पडली.

मेस्त्रींचं गॅरेज दोन चौक सोडून होतं. मेस्त्री खर्चाचा आकडा आधी कधीच सांगायचे नाहीत. ते बॉनेटमध्ये डोकं घालायचे, बाहेर काढायचे आणि उसासा टाकायचे. उसाशाच्या लांबीवरून खर्च आपला आपण ओळखायचा. छोटा उसासा म्हणजे आठवड्याचा पगार. लांब उसासा म्हणजे अर्धा महिना. आणि मेस्त्रींनी चष्मा काढला, तो शर्टाला पुसला आणि मग उसासा टाकला, की सहलीचा बेत रद्द. खिडकीची काच एके दिवशी दाराच्या आत घसरून पडली, तो छोटा उसासा. छताच्या काचेतून पाणी झिरपून गालिचा भिजला, तो लांब. हवेच्या पिशव्या फुगवणारा पंप गेला तेव्हा चष्मा निघाला.

"पण सगळं एकदमच का निघतंय, मेस्त्री?"

"जुन्या गाडीत असं होतं," मेस्त्री म्हणाले. कोणत्याही प्रश्नाला त्यांचं हेच उत्तर असायचं.

त्या दिवशी जेवताना चिरंजीवांनी विषय काढलाच. "आई, आपण पांढरा हत्ती पोसतोय, फक्त रंगाने काळा आहे इतकंच. विकून टाकू."

आईचा वाढायचा हात थांबला. "विकायची नाही."

"अगं पण चालवतंय कोण? मी महिन्यातून दोनदा. नुसती उभी राहून खाते."

"खाऊ दे. मी तुझ्याकडे दागिने मागितलेत का कधी?"

बायकोने टेबलाखालून पायाने खूण केली, तेव्हा चिरंजीव नरमले. पण बोलून मात्र ठेवलं, "ठीक आहे. पंपाचं करून घेतो. पण यानंतर मेस्त्रींचा चष्मा एकदा जरी निघाला ना, तरी गाडी गेली म्हणून समज."

आईच्या ताटातलं मात्र तसंच राहिलं.

पंपाच्या कामाला गाडी गेली तेव्हा मेस्त्री म्हणाले, "बॅटरी सोडवावी लागेल. आधीच सांगून ठेवतो, बॅटरी सुटली की सीटची मेमरी जाते."

"सीटला मेमरी असते?"

मेस्त्रींनी ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला असलेली तीन छोटी बटणं दाखवली. एक, दोन, तीन. "आपल्याला हवी तशी सीट लावायची, आरसे लावायचे, आणि बटण धरून ठेवायचं. मग कोणी कितीही हलवू दे, बटण दाबलं की सीट आपल्या जागेवर परत. तुमच्यात एक नंबर भरलेला आहे. दोन आणि तीन रिकामे."

चिरंजीवांनी आपलं विचारून घ्यावं म्हणून आईला फोन लावला. पलीकडून आई इतक्या जोरात ओरडली की मेस्त्रीही दचकले.

"अजिबात नाही! बाकी गाडीचे तुकडे झाले तरी चालतील, पण ते एक नंबर पुसलं जाता कामा नये!"

चिरंजीवांना एकदम भरून आलं. "कळलं मला, आई," ते म्हणाले.

"काय कळलं?" आईने घाईघाईने विचारलं.

"बाबांची जागा आहे ती. ते जसे बसायचे तसं अजून गाडीच्या लक्षात आहे."

"हं," आई म्हणाली. "तसंच काहीसं."

फोन ठेवून चिरंजीव ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि त्यांनी एक नंबर दाबला. सीट गुरगुरली आणि पुढे निघाली. पुढे, आणखी पुढे, मग वर. गुडघे स्टिअरिंगखाली अडकले, छाती हॉर्नला टेकली, डोकं छताला लागलं, तेव्हा कुठे ती थांबली. सहा फुटांहून उंच असलेले बाबा असे बसायचे? चिरंजीवांनी आपल्या धंद्यातल्या सवयीने कारण शोधलं आणि त्यांना ते सापडलंही. बाबांची नजर शेवटी शेवटी अधू झाली असणार. बिचारे काचेला नाक लावून रस्ता शोधत चालवत असणार, आणि आपण मागे बसून फोन बघत होतो. त्यांचे डोळे पाणावले. मेस्त्रींनी दुसरी बॅटरी जोडून, वीज न तोडता पंप बसवला. त्या खटाटोपाचे वेगळे पैसे लागले ते चिरंजीवांनी एका शब्दाने न कुरकुरता दिले आणि पश्चात्ताप म्हणून ते घरापर्यंत त्याच अवस्थेत गाडी चालवत आले. प्रत्येक वळणावर छातीने हॉर्न वाजत होता.

बायकोला हे सांगितलं तेव्हा तीही डोळे पुसायला लागली. त्या दिवसापासून घरात नियमच झाला. गाडी वापरायची, सीट हवी तशी मागे घ्यायची, आणि परत आणून लावली की एक नंबर दाबून मगच उतरायचं. आई खिडकीतून नीट लक्ष ठेवायची.

पुढच्या दोन महिन्यांत गाडीने नवेच खेळ सुरू केले. उभ्या गाडीतलं पेट्रोल कमी व्हायला लागलं. मेस्त्रींनी खालून-वरून तपासलं, गळती सापडली नाही, तरी खबरदारी म्हणून एक नळी बदलली. मग ब्रेक करकरले. बघतात तर पॅड पार झिजलेले.

"मेस्त्री, गाडी दारात उभी असते हो! उभ्या गाडीचे ब्रेक झिजतात कसे?"

"जुन्या गाडीत असं होतं."

एका सोमवारी चाकाच्या चकचकीत कडेवर लांब ओरखडा दिसला. एकदा बाजूचा आरसा आत वळलेला होता. एकदा तर फाटकाजवळची कुंडी जागा सोडून हातभर सरकलेली होती. हेच सगळं एखाद्या अनोळखी माणसाने दाव्याच्या अर्जात लिहिलं असतं तर चिरंजीवांनी त्याला समोर बसवून घाम फोडला असता. पण घरच्या गाडीपुढे त्यांची अक्कल गहाण पडली होती. तेही आता सगळ्यांना सांगायचे, जुन्या गाडीत असं होतं.

आई मात्र मजेत होती. वरच्या मजल्यावर एक मावशी राहायच्या. शहराच्या बससेवेत अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत. मुलगा-सून कामावर गेले की त्या रोज खाली आईशी गप्पा मारायला यायच्या. वर्षभर खिडकीशी बसून असलेल्या आईच्या चेहऱ्यावर रंग परतला होता, भूक लागायला लागली होती.

"नुसत्या गप्पांनी माणूस किती सुधारतो बघ," बायको म्हणाली.

मग डिकी गेली. म्हणजे तिला घट्ट ओढून घेणारी मोटर गेली. मेस्त्रींनी आत डोकावून बघितलं आणि त्यांचा हात चष्म्याकडे जायला लागला.

"थांबा!" चिरंजीव ओरडले. "चष्मा काढू नका. डिकी राहू दे तशीच. हाताने लावू."

"लावा. पण जोरात आपटा," मेस्त्री म्हणाले. "नाहीतर लागल्यासारखी दिसते आणि लागलेली नसते."

त्याच शनिवारी आई तिच्या बहिणीकडे गेली. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना बजावून गेली, "बुधवारी दुपारी येते. गुरुवारी मला काम आहे. आणि एक नंबर जपा."

आईला बरं वाटावं म्हणून चिरंजीवांनी रविवारी गाडी स्वतः धुवायला काढली. बाहेरून पॉलिश केलं. सीटखालची धूळ काढायला सीट पार मागे नेली. डिकी झाडली, चादरीच्या घड्या घालून ठेवल्या, आणि इतक्या प्रेमाने चकचकीत केलेली डिकी आपटायची कशी म्हणून ती हळुवार टेकवली. सीट नंतर जागेवर आणू असं म्हणत हात धुवायला आत गेले, ते विसरलेच. डिकी लागल्यासारखी दिसत होती. आतला दिवा तीन दिवस जळत होता.

बुधवारी सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते आईला आणायला निघाले, तर गाडी जमिनीवर बसलेली. हे नेहमीचं. पण किल्ली फिरवली तरी ती उठेना. दिवे लागेनात. घड्याळ बंद. चिरंजीवांनी मेस्त्रींना फोन लावला. पंधरा मिनिटांत मेस्त्री आले, दुसऱ्या बॅटरीची वायर लावली, गाडी खाकरली, सुरू झाली, उठून उभी राहिली. चिरंजीवांनी देवाचं नाव घेऊन एक नंबर दाबला.

"टिंग," गाडी म्हणाली. सीट जागची हलली नाही.

"गेलं," मेस्त्री म्हणाले, आणि त्यांनी आजवरचा सगळ्यात लांब उसासा टाकला. पहिल्यांदाच त्यामागे काही खर्च नव्हता.

चिरंजीव पायरीवर बसले. "बाबा गेले तेव्हा आई इतकी खचली होती," ते म्हणाले. "आता कुठे सावरली होती. तिने एवढी एकच गोष्ट सांगितली होती मला, एकच! आणि डिकीचे पैसे वाचवायला गेलो मी."

बायको त्यांच्या शेजारी बसली. तीही घाबरली होती, पण तिचं डोकं चालू होतं. "सीट परत तशीच लावून ठेवता येईल ना? तू बसला होतास की त्यात."

"गुडघे अडकले होते एवढंच आठवतंय. किती पुढे, किती वर, टेकू किती कलता, ते कोण सांगणार? आईला एका इंचाचा फरक कळेल. बाबांच्या अंगाचं माप कोणाला माहीत आहे आता?"

"टेलरकाकांना," बायको म्हणाली.

टेलरकाका वडिलांचे तीस वर्षांचे शिंपी. निरोप मिळाल्यावर ते मापांची जाड वही, टेप आणि कानामागे खडू घेऊन तडक आले. सगळी हकिगत ऐकून त्यांनी टोपी काढली. "साहेबांचं काम आहे," ते म्हणाले. "पैसे घेणार नाही. त्यांची एखादी पँट आणा, माझ्या हातची."

कपाटातून तपकिरी पँट आली. टेलरकाकांनी तिच्यात एक लोड सरकवला, दोन्ही पायांत चादरींच्या गुंडाळ्या भरल्या आणि ती ड्रायव्हरच्या सीटवर बसवली. मग पँटचा एक पाय ब्रेकवर टेकवून ते मेस्त्रींना म्हणाले, "आता सीट मागे घ्या."

"मागे?" चिरंजीव म्हणाले. "काका, पुढे घ्यायचीय. बाबा अगदी पुढे बसायचे."

"कोण म्हणतं?"

"गाडी म्हणत होती!"

टेलरकाकांनी वही उघडून त्यांच्या नाकासमोर धरली. "पायाची आतली लांबी साडेतेहतीस इंच. जाण्याच्या तीन महिने आधी घेतलेलं माप आहे हे. पुढे बसले असते तर गुडघे कानाला लागले असते. मला माझ्या गिऱ्हाइकाचे पाय शिकवू नका."

"त्यांची नजर कमी झाली होती, म्हणून ते..."

"नजर कमी झाली म्हणून पाय आखूड होतात?"

बायकोने आतून एक जुना फोटो आणला. त्यात वडील स्टिअरिंगवर लांब हात टाकून ऐसपैस मागे रेलले होते. चिरंजीव फोटोकडे बघत राहिले. "मग एक नंबरला सीट इतकी पुढे का यायची?"

सगळ्यांनी मेस्त्रींकडे बघितलं.

"जुन्या गाडीत असं होतं," मेस्त्री म्हणाले. "आठवण सरकते."

हे सगळ्यांना पटलं. सीट मागे गेली, खाली गेली, पाठीचा टेकू फोटोत होता तितका कलला. टेलरकाकांनी तीनदा टेप लावून अर्ध्या इंचाचा फरक काढला. मेस्त्रींनी एक नंबर दाबून धरला. गाडीने मंजूर असल्यासारखा आवाज केला. पँट स्टिअरिंगसमोर इतकी रुबाबात बसली होती की टेलरकाकांनी तिच्यापुढे मान लववली आणि चिरंजीवांना हुंदका आवरेना.

नेमकं तेव्हाच फाटक वाजलं. आई कोणाची वाट न बघता बसने आली होती. हातात पिशवी, समोर मुलगा, सून, मेस्त्री, शिंपी, आणि गाडीत नवऱ्याची पँट.

"हे काय?" आई म्हणाली. "यांची पँट कुठे निघालीय?"

चिरंजीवांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. डिकी, दिवा, बॅटरी. आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"एक नंबर गेलं?"

"गेलं होतं. पण आणलं परत, आई! अगदी तंतोतंत. तू बसून तर बघ."

आईने पिशवी सुनेच्या हातात दिली, पँट उचलून टेलरकाकांच्या हातात दिली, आणि झटक्यात ड्रायव्हरच्या सीटवर बसली. बसली आणि दिसेनाशी झाली. बाहेरून तिचा नुसता अंबाडा दिसत होता. आत पाय चाचपडल्याचा आवाज आला.

"अरे," आतून आई ओरडली, "माझे पेडल कुठे गेले?"

टेलरकाकांच्या हातातून टेप सुटून उलगडत गेली.

"तुझे?" चिरंजीव म्हणाले.

"मग कोणाचे? उद्या दहा वाजता माझी परीक्षा आहे! त्या साहेबाला शेजारी बसवून चालवून दाखवायचंय मला, आणि तुम्ही माझी सीट त्या टोकाला नेऊन ठेवलीत? पाच दिवस लागले होते ती जागा सापडायला. पाय पुरले तर रस्ता दिसायचा नाही, रस्ता दिसला तर पाय पुरायचे नाहीत!"

"कसली परीक्षा?" सुनेने विचारलं, पण तिच्या डोळ्यांपुढे सगळं आधीच स्वच्छ उमटलं होतं. पेट्रोल, ब्रेक, कुंडी. ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

"लायसन्सची," वरच्या जिन्यातून खणखणीत आवाज आला. मावशी खाली येत होत्या. "अठ्ठावीस वर्षं बस चालवली मी या शहरात. म्हटलं, एक शिष्या तयार करावी."

चिरंजीव गाडीच्या दाराशी वाकले. "पण तू म्हणालीस ती बाबांची..."

"मी कुठे म्हणाले? तू म्हणालास. आणि म्हणालास ते रडत रडत. मधेच कसं तोडायचं?"

"पण मग बाबांची जागा?"

आईच्या आवाजातला राग गेला. "अरे, त्यांना ते बटण कधी समजलंच नाही. रोज पुढे-मागे, वर-खाली, पाच-पाच मिनिटं. तू मागे बसून चिडायचास, आठवतंय? बाबा, चला ना! आणि ते म्हणायचे, मंत्र्याची सीट आहे, घाई करायची नाही."

चिरंजीवांना आठवलं. ते हसले आणि त्यांनी डोळेही पुसले.

"मला सांगायचं नाहीस होय गं?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास? चौसष्टाव्या वर्षी शिकणाऱ्या बाईच्या हातून नुकसान व्हायची शक्यता किती?"

"एकसष्ट टक्के," चिरंजीवांच्या तोंडून निघून गेलं.

"बघ." आईने स्टिअरिंगवर हात ठेवले. ते तिला जेमतेम पुरत होते. "सगळा जन्म शेजारच्या सीटवर बसले मी. त्याचं मला वाईट नाही वाटलं कधी, ते चालवायचे आणि मी बोलायचे. ते गेले आणि गाडी दारात, मी खिडकीत. बहिणीकडे जायचं तरी तुझ्या रजेकडे बघत बसायचं. तू विकतो म्हणालास त्या रात्री झोप नाही लागली मला. ही गाडी गेली असती तर मी दुसऱ्या गाडीवर शिकले नसते रे."

चिरंजीवांनी बराच वेळ चाकाच्या कडेवरच्या ओरखड्याकडे बघितलं. मग ते मेस्त्रींकडे वळले. "सीट पुढे घ्या," ते म्हणाले. "आईला रस्ता दिसला पाहिजे."

"थांबा," आई म्हणाली. "आधी काकांनी लावलंय ते दोन नंबरवर ठेवा. एवढं मापून लावलंय बिचाऱ्यांनी."

ते दोन नंबरवर गेलं. मग दुपारभर एक नंबर चालला. टेलरकाकांनी गाडीपाशी उभ्याउभ्या वहीचं कोरं पान उघडलं आणि आईच्या नावाने पायाची लांबी लिहून घेतली. मावशी बॉनेटसमोर उभ्या राहून ओरडत होत्या, "मी कमरेपर्यंत दिसतेय का? मग अजून वर घ्या!" शेवटी मेस्त्रींनी बटण धरून ठेवलं, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अर्थातच बसलेली होती. आईने ती सुरू केली आणि ती उठेपर्यंत हाताची घडी घालून वाट बघत राहिली. शेजारी मावशी, मागे चिरंजीव आणि बायको. चिरंजीवांनी फोन बाहेर काढला नाही. त्यांचं सगळं लक्ष रस्त्यावर होतं आणि पाय नसलेल्या ब्रेकवर होता.

परीक्षा घेणारे साहेब गाडीत बसताना म्हणाले, "आजी, एवढी मोठी गाडी झेपेल?"

"तुम्ही पट्टा लावा," आई म्हणाली.

अर्ध्या तासाने गाडी परत आली. साहेब उतरले, त्यांनी कागदावर सही केली आणि कागद आईच्या हातात दिला. ब्रेक जरा करकरतात म्हणाले, बाकी उत्तम. आईने कागद सुनेच्या हातात दिला आणि मावशींनी आईला अशी मिठी मारली की दोघींचेही चष्मे निघाले. चिरंजीव तेवढ्यानेही दचकले.

घरी आल्यावर आईने गाडी कुंडीला धक्का न लावता फाटकाच्या आत घेतली आणि इंजिन बंद केलं. सगळे उतरले. ती मात्र बसून होती. मग तिने हात लांब करून दोन नंबर दाबला. सीट तिला घेऊन सावकाश मागे गेली, खाली गेली, टेकू ऐसपैस कलला. तिथे ती क्षणभर टेकून बसली, आणि सीट तशीच ठेवून खाली उतरली.

"पुढे नाही घेतलीस?" चिरंजीवांनी विचारलं.

"चालवताना मी पुढे घेईन. उभी असते तेव्हा त्यांना पाय पसरून बसू दे." तिने दार नुसतं टेकवलं आणि ते आपणहून मिटलं. "आणि डिकीचं काम उद्याच करून घे. मेस्त्रींचा चष्मा निघाला तरी चालेल. आता गाडीला आमची दोघांचीही माहिती आहे, पुन्हा विसरायला नको."